धरणगावच्या मास्तरांचा प्रश्न

रविवार, १९ जानेवारी १९९२. जळगाव.

संगणक मेळावा छान झाला, असं सगळे म्हणताहेत. मला मात्र धरणगावचे ते शाळामास्तरच आठवताहेत.

सकाळी मीच माइकवरून पहिल्यांदा आलेल्यांना सांगितलं होतं, पुढे बसा, विचारायला लाजू नका, एकटे जेवू नका. मास्तरांनी ते मनावर घेतलं. पहिल्या रांगेत बसले आणि उभं राहून अहिराणीत विचारलं, "भाऊ, या मशीनमां मराठी अक्षरं येतीन का? मना पोर्‍यास्ले इंग्रजी येत नही."

सभागृह हसलं. मीही हसलो. का हसलो? प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर मला येत नव्हतं.

जेवताना ते ताट घेऊन माझ्याकडे आले. मी पुण्याच्या पाहुण्यांशी बोलत होतो. "नंतर बोलू," म्हणालो. मग ते नळाजवळ एकटेच उभे राहून जेवले.

दुपारी त्यांची खुर्ची रिकामी दिसली. स्टँडवर धावत गेलो, तर धरणगावची गाडी सुटलेली. नावसुद्धा विचारलं नव्हतं. पण मी हसलो, हे त्यांनी पाहिलं होतं.

माझे वडील, आबा, अशीच अहिराणी बोलायचे. कॉलेजातले मित्र घरी आले की मी आबांना आत जाऊन बसायला सांगायचो. ते मुकाट्याने उठायचे.