कागदावरचा विमा

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या गाडीनं माणूस पडला!

अक्षर वाकडं येतं आहे. तरी लिहिते. नवऱ्याशिवाय बोलू कोणाशी? रोशन घुग्घुसला खाणीत, दुसऱ्या पाळीवर. खाली असला की फोन लागत नाही.

शाळा सुटली, निघाले. रोजचाच रस्ता. सध्या धानाची कापणी-मळणी चालू आहे, त्यामुळं अर्ध्या डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं, कडेनं गोटे मांडलेले. मी तिथून हळूच चालवते. आजही हळूच होते. समोरून ट्रक आला. बाजूला होईना! मी गाडी डावीकडे घेतली. चाकं धानावर चढली आणि सरकली. ब्रेक दाबला तर आणखीच घसरली. तो माणूस पाठमोरा उभा होता, पायानं धान फिरवत. हॉर्न वाजवला का मी? आठवत नाही. खरंच आठवत नाही.

आवाज मोठा झाला नाही. भरलेलं पोतं पडावं तेवढाच.

ट्रक थांबला नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याची बायको बांधावरून धावत आली – "ओ माय वं! काय केलं जी बाई!" आम्ही दोघींनीच त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सगळ्या रस्त्यात ती एकच म्हणत होती, "हळू चालवा जी, हळू चालवा."

लटारू नाव त्याचं. पन्नाशी उलटलेली. बायको केसरबाई. मूलबाळ नाही. गोंडपिपरीच्या दवाखान्यात बघितलं आणि लगेच चंद्रपूरला पाठवलं. मांडीचं हाड मोडलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, चारचाकीचा धक्का लागला. कोणाच्या चारचाकीचा, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गाडीचा डावा दिवा फुटला. त्याच्या काचेत धानाचे दाणे अडकले आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विमा नाही!

सकाळी सोमाजीभाऊंना फोन केला. आमच्या गाडीचं विम्याचं तेच बघतात. अपघाताचं सांगताना मी रडत होते, पण आत कुठंतरी धीर होता – विमा आहे, त्या माणसाच्या दवाखान्याचं कंपनी बघेल. कागद हातातच होता. माझं नाव, गाडीचा नंबर, पुढच्या जुलैपर्यंतची तारीख. शिक्कासुद्धा.

सोमाजीभाऊ म्हणाले, "मॅडम, ते पॉलिसी त रद्द झाली न जी."

मला वाटलं, दुसऱ्याच कोणाचं सांगताहेत.

जुलैत मी हप्त्याचा चेक दिला होता. त्या महिन्यात आमचे पगार उशिरा झाले. घराच्या कर्जाचा हप्ता आधी कापला गेला आणि चेक वटला नाही. कंपनीनं पॉलिसी रद्द केली. मेसेज पाठवला तो रोशनच्या जुन्या नंबरवर, जो आम्ही केव्हाच बंद केला. कागद मात्र त्याआधीच माझ्या हातात आला होता. म्हणजे जुलैपासून रोज मी विम्याशिवाय फिरत होते. शेजारणीला बाजारात सोडलं. शाळेतल्या पोरींना स्पर्धेला नेलं. रोज!

"तुम्ही मला सांगितलं काऊन नाही?" मी ओरडलेच.

"मले वाटलं कंपनीनं कळवलं असन."

म्हणजे आता लटारूभाऊंच्या नुकसानीचं कोर्ट जे ठरवेल ते माझ्या एकटीच्या अंगावर. आणि मी भरू शकले नाही, तर त्यांना काहीच नाही. हे दुसरं मला संध्याकाळी सुचलं. आधी स्वतःचंच सुचलं होतं.

पोलिसांचाही फोन आला. हवालदार चांगलं बोलले. "पेशंटले तुमी आणलं होतं न, मॅडम? धक्का कोन्या गाडीचा होता, ते लिहाचं आहे. साहेब बंदोबस्तात आहेत, तुमी सोमवारी या."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चंद्रपूरला जाऊन आले, बसनं. गाडी अंगणात उभी आहे, तिच्याकडे बघवत नाही. ऑपरेशन झालं, पायात सळई घातली. केसरबाई वऱ्हांड्यात चादर टाकून बसली होती. तिला डबा दिला. घेतला.

घरी आले तर बैठक बसलेली! रोशन सुटी टाकून आलेला, त्याचा चुलतभाऊ विक्की, आणि सोमाजीभाऊ. चहा झालेला होता.

सोमाजीभाऊ समजावून सांगायला लागले, मी पोरांना हातचे समजावते तसं. विक्कीची बोलेरो आहे, तिचा विमा चालू आहे. धक्का बोलेरोचा लागला, चालवत विक्की होता, असं लिहून द्यायचं. लटारू पाठमोरा होता, त्यानं काही पाहिलं नाही. मी मागून आले आणि दवाखान्यात नेलं, एवढंच. "गाडी बदलवून टाकू, मॅडम. चालते हे. सगळीकडं चालते. कंपनीपाशी का कमी आहे?"

मी रोशनकडे बघितलं. तो म्हणेल, निघा माझ्या घरातून – असं मला वाटलं. बारा वर्षांत या माणसानं कधी टपरीवाल्याची सुटी नाणी जास्त घेतली नाहीत.

तो म्हणाला, "नंदा, तुही नोकरी जाईन. करून टाकू."

१५ नोव्हेंबर, शनिवार

विक्कीनं आज आपल्याच बोलेरोच्या बंपरवर हातोडा मारला. माझ्या अंगणात. तीन घाव. मी आत भाजी निवडत होते. प्रत्येक घावाला हातातली शेंग सुटली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी विहारात गेले. पंचशील म्हणताना "मुसावादा वेरमणी" आलं – खोटं बोलणार नाही. ओठ हलले, आवाज निघाला नाही. शेजारी सुगंधाबाई उभ्या होत्या, त्यांनी वळून बघितलं.

दुपारी ठरवलं – केसरबाईला सगळं सांगायचं. तिचा तरी हक्क आहे. ती चिडेल, पोलिसांकडे जाईल, म्हणजे माझ्यावरचं ठरवण्याचं ओझंच जाईल. तेच हवं होतं मला.

चंद्रपूरला गेले. वऱ्हांड्यात तिच्याजवळ बसले. तोंड उघडलं, तर तीच म्हणाली,

"सोमाजी येऊन गेला काल. मले सांगतलं त्यानं."

मी पिशवी खाली ठेवली.

"बाई, खरं का आहे, खोटं का आहे, ते मले नोका सांगू. ज्या गाडीचा विमा आहे तेच गाडी सांगा. आमाले भेटन, तुमालेबी तरास नाई. धान कापून पडलं आहे, तीन महिने यांच्यानं उभं राहवत नाई म्हनते डाक्टर. मी एकटी का करू?"

आणि तिनं माझा हात धरला! जिच्या नवऱ्याला मी पाडलं तिनं माझा हात धरला, आणि खोटं बोला म्हणून विनवलं.

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? सगळ्यांचंच भलं होतं त्यात. नाही म्हणायला कारणच सापडेना.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काय झालं ते अजून माझं मलाच खरं वाटत नाही.

ठाण्यात आम्ही तिघं गेलो – मी, रोशन, विक्की. विक्कीनं पाठ केलं होतं, आणि घडाघडा सांगितलंही. हवालदार लिहीत होते. काही संशय नव्हता त्यांना. लिहिता लिहिता नुसतं विचारलं, "धान कोन्या बाजूनं होतं?"

विक्कीनं माझ्याकडे बघितलं. हे त्याच्या पाठात नव्हतं.

मी म्हटलं, "डावीकडं. ट्रक आला म्हणून मी डावीकडं घेतली."

मी!

हवालदारांचा पेन थांबला. सावरता आलं असतं. "म्हणजे विक्कीनं घेतली, मी मागून पाहिलं" – एवढंच म्हणायचं होतं. रोशन माझ्या पायावर पाय दाबत होता. पण एकदा निघालं आणि मग थांबेचना. गाडी माझी आहे, मीच चालवत होते, विमा रद्द झाला आहे, चेक वटला नाही, बोलेरो तिथं नव्हतीच. सगळं. लाज वाटत होती आणि बोलत होते. मोठं सत्य बोलायला गेले नव्हते मी. खोटं बोलायलाच गेले होते! जमलं नाही, इतकंच.

हवालदारांनी मला विचारलं, "लिहू का हे?"

"लिहा."

त्यांनी लिहिलेला कागद फाडला, विक्कीला म्हणाले, "तू घरी जा. आन बंपर नीट करून घे."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

केसरबाईचा फोन. "तुमचं खरं तुमच्या घरी ठेवाचं होतं न! त्याच्यानं माह्या मानसाचा पाय जुडते का?" ठेवून दिला.



२० नोव्हेंबर, गुरुवार

गुन्हा नोंदला. गाडी ठाण्यात गेली. वकिलांना भेटलो. विमा नसलेली गाडी अपघातात असली तर हमी भरल्याशिवाय कोर्ट सोडत नाही. हमी नाही भरली तर काही महिन्यांनी लिलाव, आणि ते पैसे जखमीच्या भरपाईसाठी. मी म्हटलं, होऊ द्या लिलाव. वकिलांनी चष्म्यावरून बघितलं. "तेवढ्यानं भागणार नाही, ताई. दावा येईल. घरावर येऊ शकतो."

घरावर! एका चेकपायी!

मुख्याध्यापक म्हणाले, वर कळवावं लागेल. वाईट वाटलं त्यांनाही.

रोशन चार दिवस मीठ मागण्यापुरताच बोलतो. आज भांडी घासताना मागं येऊन उभा राहिला. "मले इशारा तरी केला असता. मी तुले वाचवायले आलो होतो."

"माहीत आहे."

"मंग?"

मी पुढचं भांडं घासायला घेतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

त्यांच्या गावाला जाऊन आलो. मी एकटीच निघाले होते, बसस्टँडवर बघते तर रोशन मोटारसायकल घेऊन उभा! "बस," म्हणाला. एवढंच.

रस्त्यावरचं धान कोणीतरी सारून बांधावर ताडपत्रीखाली ठेवलं होतं. बाकीचं कापलेलं शेतात तसंच पडलेलं. पहाटेचं दव बसून काळं पडायला लागलं होतं. रोशननं गावातून मळणीयंत्र ठरवलं. दिवसभर आम्ही आणि दोन बाया भारे वाहत होतो. गावातले लोक येऊन बघून जात. एक म्हातारा बराच वेळ उभा होता. "तूच का व ते मास्तरीनबाई?" मी हो म्हटलं. तोही भारे उचलायला लागला.

मानेत, पाठीत तूस गेलं आहे. सगळं अंग खाजतं आहे. अकरा दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

२३ नोव्हेंबर, रविवार

चंद्रपूर. लटारूभाऊ उशीला टेकून बसले होते! मी पहिल्यांदाच त्यांचे डोळे उघडे बघितले. पाय धरायला वाकले तर म्हणाले, "तो नोका धरू जी, तोच मोडला आहे."

मला हसू की रडू कळेना.

सगळं माहीत आहे त्यांना. म्हणाले, "माही पाठ होती. मले वाटलं, बैलानं मारलं मांगून. मी शिवी त बैलालेच देल्ली." मग धानाचं विचारलं. पोती घरात लावली, किल्ली शेजारच्या झाडूभाऊंकडे दिली, असं सांगितलं. किती ओलं होतं, कोंडा किती निघाला, सगळं विचारून घेतलं. मी दावा, कोर्ट, भरपाई असं काहीतरी बोलायला लागले. त्यांनी हात हलवला. "पाहू न. पयले मले उभं त होऊ द्या. मंग भांडू."

निघताना बघते तर केसरबाईनं माझी पिशवी धुऊन, डबा घासून आत ठेवलेला.

डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात सुटी देऊ. येताना बसमध्ये मनात हिशेब मांडला – गाडी जाईल, माझा पगार अर्धा त्यांच्याकडे, उन्हाळ्यापर्यंत ते काठीनं चालायला लागतील. होईल. कठीण आहे, पण होईल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लटारूभाऊ गेले.

सकाळी उठून बसले, पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. रक्ताची गाठ छातीत गेली म्हणतात.

फोन केसरबाईचाच. शिव्या ऐकायच्या तयारीनं उचलला. ती हळू बोलत होती. "डाक्टर का बोलून राह्यले, मले समजून नाई राह्यलं. कागदावर अंगठा मांगते. मले सांगनारं इथी कोनीच नाई. बाई, तुमी या."

निघते.