बुटांच्या खोक्यातला आरसा

ठमाबाई,

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय, यायला संध्याकाळ होईल. तू रात्रपाळीवरून आलीस की झोपायच्या आधी कोंबडीच्या पिल्लांकडे एकदा बघ.

काल मी शहाणपणा केला. पिल्लं गारठली असतील म्हणून पेटीतला बल्ब खाली ओढला, तर सगळी चोची उघडून धापा टाकत कोपऱ्यात पळाली. आता तो वर बांधलाय, त्याला हात लावू नकोस. पाण्याच्या बशीतल्या गोट्याही राहू देत, पिल्लं बुडू नयेत म्हणून टाकल्यात.

पिवळ्या पिल्लाच्या शेपटीखाली घाण वाळून वाट बंद झाली होती. कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून काढली. बाकीची तिथेच टोचायला लागली, म्हणून त्याला बुटांच्या खोक्यात वेगळं ठेवलंय. पण एकटं पडल्यापासून ते नुसतं ओरडतंय, दाण्याला तोंड लावत नाही. शेवटी आत तुझ्या आईचा हातआरसा उभा केला. आरशातल्याला बघून चार दाणे खाल्ले बिचाऱ्याने.

हो, तू वर्षभर शोधत होतीस तोच आरसा. ती गेल्यापासून माझ्या उशीखाली होता.

भाजी ओट्यावर झाकून ठेवलीये. आज ताट घेऊन खोलीत जाऊ नकोस, खोक्यापाशी बसून जेव. समोर कुणी खाताना दिसलं की ते खातं.

संध्याकाळी उठलीस की मला हाक मार. मीही तोवर जेवलेलो नसेन.

बाबा