जमिनीखालून गेलेलं रॉकेट

मुरबाड, ६ जानेवारी २०२५

ती. संजूताईस, स्वरूपचा शि. सा. न. वि. वि.

फोन भिंतीवर आपटला, म्हणून पत्र. भिंतीला काय नाय झालं. बाबा पुन्हा म्हणाले, कॉलेज अर्धं सोडलंस, आता झेरॉक्सच्या दुकानातच म्हातारा हो.

रविवारी तुझ्या शेजारच्या भाविकाला बघायला पाहुणे येणार, हे मला भिमा टेम्पोवाल्याकडून कळावं? बहीण कशाला असते मग?

त्याच्याच टेम्पोतून हे पत्र पाठवतोय, सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात माझं रॉकेट. घाबरू नको, खरं नाय. वजन, इंजिन, वारा भरला की कॉम्प्युटर उड्डाण मोजतो आणि ते मी नकाशावर लाल रेघेनं काढतो. तुझ्या अंगणातून उडतं, वर पॅराशूट उघडतं आणि भाविकाच्या दारात उतरतं. तिला दाखव. बाकी ती समजेल. पाहुणा पेढे घेऊन येईल, मी आभाळातून येतोय.

भावोजींना यातलं काही बोलू नको. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
स्वरूप

भातसानगर, ८ जानेवारी

चि. स्वरूप यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, धरणाच्या कॉलनीत खरं उडवलं असतंस तर पोलिसांनी तुला जावयासारखा गाडीत घालून नेला असता.

भाविकानं नकाशा उघडला. कॉलनी दिसली, आमचं अंगण दिसलं, रेघ कुठं नाय. मी म्हटलं, लाजली असेल. मग तिनं नकाशा तिरका केला, तर रॉकेट जमिनीखाली. तू उंची समुद्रापासून धरलीस रे, आणि आमी राहतो डोंगरात. बिचारं उडालं, पॅराशूट उघडलं, उतरलं, सगळं आमच्या पायाखाली. भाविका इतकी हसली की तिची आई चहा उतू जायला सोडून बघायला आली. भाविका म्हणते, ताई, तुमचा भाऊ रॉकेट उडवतो की घूस पाळतो?

पेनड्राइव्ह मात्र परत दिला नाय.

आता दुसरं काही आपटू नको, दुकान परक्याचं आहे. जेवत जा, आणि बहिणीवरचा लोभ तरी जमिनीच्या वर ठेव.

संजूताई

मुरबाड, ९ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

स्टेपलर उचलला होता. तुझी ओळ आठवली, ठेवला.

कॉलेजात सरांनी चूक काढली तेव्हा मी बॅग उचलून निघालो होतो. हिनं घूस म्हटलं तर मुकाट्यानं उंची जमिनीपासून धरली. नवी रेघ पाठवतोय, तुमच्या नारळाच्या वरून जाते. तिला सांग, घूस बाहेर आली. आणि रविवारचं काय ते विचार. उत्तर वाईट असेल तर पाकीट चिकटव, भिमा वाचतो.

तुझाच, तूर्त शांत,
स्वरूप

भातसानगर, १२ जानेवारी

चि. स्वरूप, आशीर्वाद.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. भाविकानं बापासमोर सरळ नाय म्हटलं, आणि तुझं नाव सांगितलं. बापानं तुझं अर्धं कॉलेज काढलं. ती म्हणाली, उरलेलं अर्धं माझ्यावर सोडा.

मग तिनं तुझं उड्डाण बदललं. आता ते तिच्या दारातून उडतं आणि आमच्या गच्चीवर उतरतं. मी म्हटलं, आमच्या गच्चीनं काय पाप केलं? तर म्हणते, मुरबाडचं वऱ्हाड उतरायला या कॉलनीत दुसरं कुणाचं घर आहे, ताई?

वारा तिनं स्वतः भरलाय, त्याला हात लावू नको. बाबांना घेऊन ये. रस्त्यानं ये.

संजूताई