रस्त्याकडच्या छत्तीस पळसांच्या आंघोळीबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
मोहरखेडा वनक्षेत्र, जि. जालना

विषय : धुळीने खुरटलेल्या पळसबनाशेजारी दुसऱ्या खडी क्रशरला ना-हरकत न देण्याबाबत.
संदर्भ : आपला पाहणी अहवाल, दि. २३ एप्रिल १९९६.

महोदय,

मोहरखेड्याच्या वनजमिनीत पळसाची २१४ झाडे उभी आहेत. रस्त्याला लागून एका रांगेत ३६, त्यामागे १७८. आपल्या अहवालात ‘अंदाजे पाचशे’ आहेत. मी दोनदा मोजली. आपण एकदा तरी मोजावीत.

रस्त्यापलीकडे खडी क्रशर चालतो; त्याच्याच मालकाला आता दुसरा हवा आहे. त्याची पांढरट धूळ पानांवर बसते. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आहे, तरी एवढे समजायला पदवी लागत नाही : ज्या पानाला ऊन पोचत नाही ते अन्न तयार करू शकत नाही, आणि उपाशी पान वाढत नाही. मार्चमध्ये मी तसा अर्ज केला. त्यावर आपण २२ एप्रिलला पाहणी करून ‘पाने हिरवीगार, धुळीचा परिणाम आढळत नाही’ असे लिहिलेत.

पाने हिरवीगार होती, कारण आदल्या संध्याकाळी क्रशरच्या टँकरने ती पाइप लावून धुतली होती. फक्त पुढची रांग. मी टँकरवाल्याला विचारले, मागच्या झाडांनी काय पाप केले? तो म्हणाला, “साहेब जीपमधून उतरत न्हाईत. मंग मागचे कशाला धुवायचे? फुकटचा खर्चा!” त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याची नोकरी जाईल. आपली जाणार नाही.

त्याचा अंदाज खरा ठरला. आपण उतरला नाहीत. जीपच्या काचेतून झाडाची प्रकृती ओळखण्याची विद्या आमच्या कॉलेजात शिकवत नव्हते.

पुढे दुसऱ्या पाहणीच्या धास्तीने टँकर दर आठवड्याला येत राहिला. पाहणी काही झाली नाही, पण नेमक्या याच दिवसांत पळसाला नवी पाने फुटतात. जमीन तीच, झाडाची जात तीच. एक रांग धुतलेली, बाकीची झाडे न धुतलेली. शिवाय धुतलेली रांग क्रशरला अधिक जवळ, म्हणजे धूळ तिथेच जास्त. असा प्रयोग करायला मला पाणी परवडले नसते. आपल्या आळसाने तो फुकटात झाला, याबद्दल आभार.

आपले लिपिक बद्रीनाथ यांनी मला सल्ला दिला, “धुळीवर कसले अर्ज करून राह्यलास, दादा? पाऊस पडला की झाडं आपोआप साफ.” पाऊस धूळ नेईल. मे महिन्यात खुरटलेले पान तो जूनमध्ये मोठे करणार नाही. हे आपण त्यांना समजावून सांगावे. तत्पूर्वी स्वतः समजून घ्यावे.

या पानांच्या पत्रावळ्यांवर गावातल्या अकरा बायकांची घरे चालतात. त्यांत माझी आई गोपिकाबाई आहे, हे लपवत नाही. ऐन लग्नसराईत तिने मागच्या झाडांची पाने आणून, धुऊन टाचून पाहिली. “ह्यात जीवच न्हाई. काडी टोचली की चिरून राह्यलं,” म्हणाली, आणि फाटकी पत्रावळ माझ्यापुढे टाकली : “घे, तुझ्या साहेबाला ह्याच्यातच वाढ जेवायला.” दुसऱ्या क्रशरला ना-हरकत मिळाली की टँकरचे काम संपेल, आणि पुढची रांगही कोणी धुणार नाही.

तरी १० जूनच्या सुनावणीआधी आपण जीपमधून उतरून मागच्या झाडांपर्यंत चालत जावे, ही विनंती. वाटेत काटे नाहीत. तोवर ना-हरकतीवर सही करू नये.

आपल्या पायउतार होण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र
मच्छिंद्र धुळाजी मिसाळ, बी.एस्सी.
मोहरखेडा, दि. ३ जून १९९६

सोबत :
१) दोन्हीकडच्या पानांच्या पत्रावळ्या, प्रत्येकी एक.
२) दि. २ जूनचे मोजमाप. दोन्हीकडची शंभर-शंभर पाने. तीन पानांतल्या मधल्या पानाची सरासरी रुंदी : धुतलेली रांग १५.२ सेंमी, मागची झाडे १०.६ सेंमी. टाचताना न फाटलेली पाने : धुतलेली रांग ९१, मागची झाडे ३४.