जाड्या कशाने मेला

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. तुमच्या गुडघ्यांना आराम पडला असेल, जाऊबाईंचा खोकला गेला असेल आणि मुलं तुमचं ऐकत नसतील, असं धरून चालते. तुम्ही विचारलंत, एकटीला करमतं का, की येता आमच्याकडे राहायला? माझं उत्तम चाललं आहे, काळजी नसावी. परवा तर मी एकटी दुपारच्या खेळाला जाऊन आले.

तोच आपला, दोन पोलिसांचा सिनेमा. चौथा भाग. (पहिले तीन तुमच्या दादांनी मला दाखवले. मला मारामारी आवडत नाही, हे मी त्यांना तिसऱ्यानंतर सांगितलं.) तुम्हाला आठवत असेल, एक जाड्या, एक काड्या, दोघांचं क्षणभर पटत नाही आणि एकमेकांवाचून चालतही नाही. तर या खेपेला जाड्या आधीच मेलेला. मरताना दाखवलासुद्धा नाही. भिंतीवर फोटो, आणि साहेब म्हणतात, तो गेला, आता हा तुझा नवा जोडीदार. नव्याच्या केसांना तेवढं वळण, बाकी काही नाही. दहा मिनिटांत काड्या त्याच्याशी थट्टामस्करी करायला लागला. अहो, तीन भाग जाड्या गाडीत ज्या सीटवर बसला ती पार मागे सरकवलेली असणार, या पोराचे पाय पुढे पोचणार नाहीत, एवढं तरी दाखवायचं की नाही? गाड्या मात्र अठ्ठावीस उडवल्या. मी मोजल्या, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आता घोटाळा सांगते. कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढून तुमच्या दादांचे कान गेले होते. त्यामुळे सिनेमात मी त्यांच्या उजवीकडे बसून प्रत्येक वाक्य त्यांच्या कानात पुन्हा म्हणायची. (पुढच्या रांगेतले वळून बघायचे. दादा म्हणायचे, बघू दे, त्यांचीही सोय होते.) परवा सिनेमा सुरू झाला आणि मी सवयीने डावीकडे वाकून सुरू झाले. साहेबांचं, काड्याचं, गुंडांचं, वाक्य न् वाक्य. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा बघते तर एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे कान करून बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली.

"छे हो बाई," ते म्हणाले, "तुम्ही पडद्यावरच्यांपेक्षा बरं सांगताय. फक्त जाड्या कशाने मेला ते राहिलं."

"ते त्यांनीच सांगितलं नाही."

"कमाल आहे. निदान आजार तरी सांगावा माणसाने."

मग उरलेला सिनेमा मी त्यांना रीतसर सांगितला. बाहेर आल्यावर ते त्यांच्या बसने गेले, मी माझ्या.

प्रकृतीला जपा.

तुमची
वहिनी

ता. क. हा सिनेमा अजिबात बघू नका.

आणखी ता. क. उत्तम चाललं आहे असं वर लिहिलंय, ते खोडलं असतं तर कागद घाण दिसला असता, म्हणून राहू दिलं. राहायला मी येणार नाही, या घरातून हलायचं मनात नाही. पण दादा गेल्यापासून तुम्ही एकदाही आला नाहीत. त्यांची रिकामी खुर्ची तुम्हाला बघवत नाही, असं जाऊबाई म्हणाल्या. मलाही बघवत नाही, म्हणून मी तिच्यावरच बसते. शनिवारी या. सांत्वन नको, पत्ते आणा. गेल्या आठवडाभरात मी सगळ्यात जास्त बोलले ती त्या गृहस्थांशी, आणि त्यातली बहुतेक वाक्यं पोलिसांची होती.