किसनची काठी

रिसोड, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

निबंध आज रजिस्टर पोस्टाने गेला. टाइप केलेल्या तीन प्रती, वर माझं एकट्याचं नाव. आनंद व्हायला हवा होता.

पोस्टातून तसाच तलावावर गेलो. चौकीदार किसनला सांगितलं, आपल्या तलावातून पाणी कसं झिरपतं ते आता इंजिनिअरांच्या मासिकात छापून येईल. तो झोपडीत गेला आणि बांबूची काठी घेऊन आला.

"साहेब, तुमी बयनीच्या लग्नाले गेलते ना, तवाची मोजणी. रोज सकाळी त्याच दगडापाशी काठी उभी केली. तुमी मागसान म्हनून जपून ठेवली."

आठ दिवस, आठ खाचा. त्याला लिहिता येत नाही, म्हणून विळ्याने केलेल्या. मी विचारलंच कुठे? ते आठ आकडे मी घरी बसून मागचे-पुढचे पाहून भरले. आलेखात रेघ कशी सुरेख उतरली होती! काठीवर मात्र चौथ्या आणि पाचव्या खाचेत वीतभर अंतर. एका रात्रीत वीतभर पाणी उतरलं! म्हणजे तळाला भेग पडली असणार. म्हणजे पाणी रोज सारखंच झिरपतं हा माझा निष्कर्षच...

"हे बी लिहिसान ना, साहेब?"

"लिहीन," म्हणालो. पोस्टाची पावती खिशातच होती.

काठी आता टेबलाला टेकून उभी आहे. ती वीतभर जागा इथूनही दिसते. संध्याकाळी संपादकांना पत्र लिहायला म्हणून बसलो, आणि लिहिलं काय, तर हे.