शेजाऱ्यांच्या किल्ल्या

दादा,

जेलातनं सुटल्या सुटल्या तू फोन केलास. रत्नागिरी राहायला कशी हाय, तिथं काम मिळंल का, असं विचारलंस. मी "ये की" म्हटलं. तवापासनं जिवाला चैन न्हाई.

गाव लय चांगलं हाय. भांडणतंटा न्हाई. एखादी चोरी झाली तर महिनाभर तेवढीच चर्चा असती. पर पोरं शिकून मुंबईला जात्यात, मागनं म्हातारी माणसंबी त्यांच्याकडं जात्यात, आणि गल्लीत नुसती बंद घरं उरत्यात. त्या घरांच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला असत्यात. काल शेट्येकाकू किल्ली देताना म्हणाल्या, "तू आहेस ना, मग मला घोर नाही." बंद घरं फोडल्याबद्दल तू आत हुतास, हे इथं आमच्या ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाई.

किल्ल्या परत कराव्यात, तर कारण काय सांगू? सकाळी कपाटात ठेवल्या, मग गादीखाली, मग तांदळाच्या डब्यात खोल पुरल्या. तवा आठवलं, आई मिरजेच्या दवाखान्यात ड्युटीला गेली की भात तूच लावायचास आणि बुडाची खरवड मला द्यायचास. इथं आलास की पयला हात त्याच डब्यात घालशील, म्हणून परत बाहेर काढल्या.

येऊ नको म्हणून लिहायला बसले हुते. पर तुझी एसटी कवाच सुटली असंल. गॅसवर भाताचं आधण ठेवलंय, आणि किल्ल्या अजून हातातच हायत.

तुझी,
वैजू